पर्किन्सचा पैसा वर्कशॉपपर्यंत कसा पोचतो: अमेरिकेतल्या सीटीई अनुदानाची वाट, पायरीपायरीने

आमच्या भागातल्या एका हायस्कूलच्या मशीन शॉपमध्ये, कूलंटच्या पिंपाशेजारी, एक सीएनसी मिल, म्हणजे संगणकावर चालणारं धातू कापायचं यंत्र, सात महिने निळ्या ताडपत्रीखाली उभी होती. यंत्र कोरं, चांगल्या बनावटीचं. घोळ एवढाच की ऑर्डर ऑगस्टमध्ये गेली आणि डिस्ट्रिक्टचा, म्हणजे भागातल्या शाळांचा कारभार बघणाऱ्या संस्थेचा, पर्किन्स या संघ सरकारच्या व्यवसायशिक्षण अनुदानासाठीचा अर्ज राज्याकडे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. वर आणि, गरजांच्या अहवालात मशीनिंगचं नावही नव्हतं. राज्याने तो खर्च नामंजूर केला, डिस्ट्रिक्टला तो स्वतःच्या तिजोरीतून भरावा लागला, आणि त्या गडबडीत थ्री-फेज वीजजोडणीला पैसे उरले नाहीत. म्हणून ताडपत्री.

मी त्या वर्षी नुकताच शाळेच्या सल्लागार कमिटीवर गेलो होतो. माझे वडील कुपवाडच्या एमआयडीसीत दोन लेथ चालवायचे, मी इथे एका मशीन शॉपचं काम बघतो, म्हणून शाळेने बोलावलं. वाटलं होतं, यंत्रांबद्दल विचारतील. पहिल्याच बैठकीत हातात कागदांचं बाड पडलं आणि त्यात एकही यंत्र नव्हतं. नुसती कलमं, टक्के आणि तारखा. ते बाड समजायला मला दोन वर्षं लागली. तुम्हाला एवढा वेळ लागू नये म्हणून हा लेख. इथल्या शाळेत मुलं असलेले पालक, छोटा धंदा चालवणारे आणि इंजिनिअरिंग सोडून सीटीईचे, म्हणजे इथल्या व्यवसायशिक्षणाचे, शिक्षक झालेले आपले बरेच लोक, सगळ्यांच्या कामाचं यात काही ना काही आहे.

आधी एक गैरसमज. व्होकेशनल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आयटीआय येतो, नाहीतर अकरावी-बारावीचं एमसीव्हीसी, आणि त्यासोबत 'मार्क कमी पडले वाटतं' हा सूर. इथल्या सीटीईत, म्हणजे करिअर अँड टेक्निकल एज्युकेशनमध्ये, वेल्डिंग आणि ऑटोबरोबर बायोमेडिकल, सायबर सिक्युरिटी, अकाउंटिंग, शेती, शिक्षकी पेशा असं सगळं येतं. आपली मुलगी हायस्कूलमध्ये बायोमेडिकलचे दोन कोर्स घेते ती सरकारदप्तरी सीटीईची विद्यार्थिनी आहे, हे अनेक मराठी आईबापांच्या गावीही नसतं.

कायदा कोणता

१९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्यापासून अमेरिकेचं संघ सरकार शाळांमधल्या व्यवसायशिक्षणाला पैसे देत आलं आहे. १९८४ मध्ये त्याला केंटकीचे काँग्रेस सदस्य कार्ल पर्किन्स यांचं नाव मिळालं. १९९०, १९९८, २००६ असे फेरबदल होत आता चालू आहे ती पाचवी आवृत्ती, पर्किन्स-५. ३१ जुलै २०१८ ला तिच्यावर सही झाली, १ जुलै २०१९ पासून ती लागू झाली. सगळ्या राज्यांना मिळून वर्षाला साधारण १.४ अब्ज डॉलर. ऐकायला मोठा आकडा, पण पन्नास राज्यांत वाटला की एखाद्या शाळेच्या वाट्याला एका चांगल्या यंत्राची किंमतही येत नाही. कारभार शिक्षण खात्याकडे. २०२५ मध्ये श्रम खात्याशी करार करून दैनंदिन कामाचा बराच भाग तिकडे गेला. कलमं तीच राहिली, त्यामुळे शाळेच्या पातळीवर खालच्या पायऱ्या बदलत नाहीत.

पायरी पहिली: वरची कापाकापी समजून घ्या

लोकसंख्येतले वयोगट आणि दरडोई उत्पन्न यांच्या सूत्राने राज्याला आपला वाटा मिळतो. राज्य त्याचे तीन भाग करतं. निदान ८५ टक्के खाली, म्हणजे शाळा-डिस्ट्रिक्ट आणि कम्युनिटी कॉलेजांकडे गेलेच पाहिजेत. जास्तीत जास्त १० टक्के राज्यस्तरीय कामांना: शिक्षकांचं प्रशिक्षण, तुरुंगांतलं व्यवसायशिक्षण, मुलींना वेल्डिंगकडे आणि मुलग्यांना नर्सिंगकडे वळवण्याचे प्रयत्न. प्रशासनाला ५ टक्के किंवा अडीच लाख डॉलर यांपैकी जे जास्त असेल तिथपर्यंत. या प्रशासनाच्या पैशाला राज्याने स्वतःचा तेवढाच पैसा जोडावा लागतो, डॉलरला डॉलर.

समजा एखाद्या राज्याला ३ कोटी डॉलर मिळाले. प्रशासन १५ लाख, राज्यस्तर ३० लाख, खाली २ कोटी ५५ लाख. या २ कोटी ५५ लाखांतूनही राज्याला १५ टक्क्यांपर्यंत राखीव निधी काढता येतो, म्हणजे इथे ३८ लाख २५ हजार. हा निधी ग्रामीण भागांना, जिथे सीटीईची मुलं संख्येने किंवा टक्केवारीने जास्त आहेत अशा ठिकाणी, किंवा निकालांत दरी दिसते तिथे जातो, आणि बहुतेक वेळा वेगळा अर्ज मागवून वाटला जातो. तुमचं डिस्ट्रिक्ट नेहमीच्या सूत्रात मार खात असेल तर पहिली चौकशी याची करा. आमच्याकडे हा निधी अस्तित्वात आहे हे तीन वर्षं कोणाला ठाऊकच नव्हतं, कारण त्याचं पत्रक दुसऱ्याच कोणाच्या ईमेलला येत होतं.

उरलेल्यातून हायस्कूलांना किती आणि कॉलेजांना किती, हे कायद्याने ठरवलेलं नाही. ते राज्य ठरवतं, आणि जिथे ठरवतं त्या कागदाचं नाव स्टेट प्लॅन.

पायरी दुसरी: स्टेट प्लॅन हातात घ्या, पण सगळा वाचू नका

राज्याचा आराखडा चार वर्षांचा असतो. २०१९-२० हे संक्रमणाचं वर्ष होतं, पहिले पूर्ण आराखडे २०२० पासून लागू झाले आणि २०२४ मध्ये पुढचा टप्पा सुरू झाला. पैसे हवेत तर राज्याला हा आराखडा द्यावाच लागतो. तो बनवताना शिक्षक, कॉलेजं, उद्योग, कामगार मंडळं (नोकऱ्या आणि प्रशिक्षणाचं काम बघणारे वर्कफोर्स बोर्ड), पालक, विद्यार्थी आणि आदिवासी जमातींचे प्रतिनिधी यांच्याशी सल्लामसलत, जाहीर सुनावण्या, मसुद्यावर निदान ३० दिवस जनतेच्या हरकती, आणि कामगिरीच्या लक्ष्यांवर निदान ६० दिवस. गव्हर्नरला सहीसाठी ३० दिवस मिळतात. सही झाली नाही तरी आराखडा पुढे जाऊ शकतो. वॉशिंग्टनला १२० दिवसांत निर्णय द्यावा लागतो.

आराखडा शेकडो पानी असतो. त्यातल्या चार जागा शोधून छापून घ्या, बाकीचं गरज पडेल तसं बघा.

एक, 'साइझ, स्कोप अँड क्वालिटी'ची व्याख्या. अभ्यासक्रम किती मोठा, किती पूर्ण आणि किती दर्जेदार असला म्हणजे त्यावर पर्किन्सचा पैसा खर्चता येतो, हे प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं. किती कोर्सांची साखळी हवी, प्रमाणपत्र हवं का, सल्लागार कमिटीच्या वर्षाला किती बैठका हव्यात, हे सगळं इथे मिळतं. शेजारच्या राज्यातल्या मित्राचा अनुभव या बाबतीत कुचकामी. दोन, हायस्कूल आणि कॉलेज यांच्यातली वाटणी. तीन, राखीव निधीचे निकष. चार, कामगिरीची लक्ष्यं, वर्षवार. ही चौथी जागा पुढे आपल्या मानगुटीवर बसते, म्हणून आत्ताच तिच्यावर पिवळी रेघ मारून ठेवा.

हरकतींच्या मुदतीत पालकाने किंवा छोट्या कारखानदाराने दोन परिच्छेद पाठवले तर ते वाचले जातात का? माझ्या माहितीत जातात, कारण अशा हरकती फार थोड्या येतात आणि राज्याला त्यांची दखल नोंदवावी लागते. 'व्याख्येत तीन कोर्सांची साखळी मागता, आमच्या लहान शाळेत तिसऱ्या कोर्सला शिक्षक मिळत नाही' हे एक वाक्य दहा पानी निवेदनापेक्षा जास्त काम करतं.

पायरी तिसरी: आपला वाटा किती, ते स्वतः काढा

हायस्कूलांसाठीचं सूत्र सोपं आहे. ३० टक्के पैसा डिस्ट्रिक्टमधल्या ५ ते १७ वयाच्या मुलांच्या संख्येवर, ७० टक्के त्याच वयाच्या गरीब घरांतल्या मुलांच्या संख्येवर. समजा राज्याकडे हायस्कूलांसाठी १ कोटी ३० लाख डॉलर आहेत. त्याचे ३९ लाख आणि ९१ लाख असे दोन ढीग. एका डिस्ट्रिक्टमध्ये राज्यातली १ टक्का मुलं आणि ०.६ टक्के गरीब मुलं आहेत. पहिल्या ढिगातून ३९ हजार, दुसऱ्यातून ५४ हजार ६००. एकूण ९३ हजार ६००. आता आपले लोक घर घेतात तसं एखादं सुखवस्तू उपनगर घ्या. मुलं तेवढीच, १ टक्का. गरीब मुलं ०.१ टक्का. ३९ हजार अधिक ९ हजार १००, म्हणजे ४८ हजार १००. मुलं सारखीच, पैसा जेमतेम निम्मा. 'आम्ही एवढा प्रॉपर्टी टॅक्स भरतो, मग आमच्या शाळेला कमी का' असं मंडळाच्या गणपतीत कोणी विचारलं की मी हे गणित पेपर नॅपकिनवर मांडून दाखवतो.

आकडा १५ हजारांच्या खाली गेला तर डिस्ट्रिक्टला एकट्याने अनुदान मिळत नाही. शेजाऱ्यांशी मिळून संघ करायचा, म्हणजे कन्सॉर्शियम. विरळ वस्तीच्या ग्रामीण भागाला यातून सूट मिळू शकते. कन्सॉर्शियमची मेख अशी की पैसा सगळ्या सदस्यांच्या सामायिक फायद्याच्या कामाला वापरायचा असतो. 'तुझे नऊ हजार तुला, माझे सहा हजार मला' अशी परत वाटणी चालत नाही, आणि लोक नेमकी तीच करतात. कम्युनिटी कॉलेजांचं सूत्र प्रामुख्याने पेल ग्रँट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना मिळणारी संघ सरकारची मदत, घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या संख्येवर चालतं आणि तिथे किमान रक्कम ५० हजार.

पायरी चौथी: सीएलएनए, जिथे घोडं पेंड खातं

कॉम्प्रिहेन्सिव्ह लोकल नीड्स असेसमेंट. सगळे 'सीएलएनए'च म्हणतात. पर्किन्स-५ ने आणलेली ही सर्वांत मोठी अट. दर दोन वर्षांनी निदान एकदा डिस्ट्रिक्टने आपल्या गरजांची छाननी करायची, पुराव्यासकट. अर्जात जो पैसा मागाल त्याचं मूळ या अहवालात दिसलं पाहिजे. आडात नसेल तर पोहऱ्यात येणार कुठून? त्या सीएनसी मिलचं हेच झालं. यंत्र कमिटीतल्या सगळ्यांना हवं होतं, अगदी राज्याच्या माणसालाही पटलं होतं. पण अहवालात मशीनिंगच नव्हतं.

अहवालात पाच गोष्टी बघायच्या असतात. मुलांची कामगिरी, तीही गटवार फोड करून. अभ्यासक्रम पुरेसे मोठे, पूर्ण आणि दर्जेदार आहेत का, आणि स्थानिक नोकऱ्यांशी जुळतात का. 'प्रोग्राम ऑफ स्टडी', म्हणजे हायस्कूलपासून कॉलेजपर्यंत सलग जाऊन शेवटी मान्यताप्राप्त प्रमाणपत्रावर किंवा पदवीवर पोचणारी साखळी, कितपत उभी राहिली. शिक्षक आणि समुपदेशक मिळतात का, टिकतात का, शिकतात का. आणि सगळ्या मुलांना दार सारखंच उघडं आहे का.

यातली दुसरी बाब आमच्यासारख्यांनी धरावी. नोकऱ्यांची आकडेवारी राज्याच्या श्रम विभागाकडे असते आणि डिस्ट्रिक्टचा माणूस ती उतरवून घेतो. पण त्यात 'मशिनिस्ट' हा एकच शब्द असतो. माझ्या शॉपमध्ये मॅन्युअल लेथवर बसणारा वेगळा, प्रोग्रामिंग करणारा वेगळा आणि मोजमाप तपासणारा वेगळा, आणि आम्हाला तुटवडा आहे तो तिसऱ्याचा. मी कमिटीत सांगितलं की मुलांना मायक्रोमीटर धरता येतो, पण ड्रॉइंगवरची जिओमेट्रिक टॉलरन्सिंगची खूण वाचता येत नाही. ते वाक्य अहवालात गेलं, खाली माझ्या शॉपचं पत्र जोडलं, आणि पुढच्या वर्षी मोजमापाची साधनं व शिक्षकाचं प्रशिक्षण असं दोन्ही मंजूर झालं. त्या साधनांची किंमत मिलच्या पासंगालाही पुरत नव्हती.

पाचव्या बाबीसाठी कायद्याने नऊ 'विशेष गट' दिले आहेत: अपंग, गरीब घरचे, आपल्या लिंगासाठी अपारंपरिक क्षेत्र निवडणारे, एकल पालक, त्यात एकट्या गर्भवती स्त्रिया, नोकरीच्या बाहेर पडलेले, इंग्रजी शिकणारे, बेघर, फॉस्टर केअरमधले, म्हणजे सरकारी देखरेखीखाली दुसऱ्या घरी वाढणारे, किंवा तिथून वयामुळे बाहेर पडलेले, आणि ज्यांचे आईबाप लष्कराच्या सक्रिय सेवेत आहेत असे. अपारंपरिक म्हणजे ज्या पेशात त्या लिंगाचे लोक २५ टक्क्यांहून कमी आहेत तो. भेदभाव करत नाही अशी जाहीर सूचना शाळेने दर वर्षी द्यायची असते, आणि भागात इंग्रजी कमी येणारा एखादा भाषिक समाज राहत असेल तर त्याच्या भाषेतही. हे १९७९ च्या नागरी हक्कविषयक मार्गदर्शक तत्त्वांत आहे. आमच्याकडे स्पॅनिशमध्ये निघते. मराठीत निघालेली मी अजून पाहिलेली नाही, आणि आपल्या लोकांचं इंग्रजी बघता निघायची वेळही येणार नाही. पण नव्याने आलेल्या आजी-आजोबांकडे वाढणारं मूल असेल तर समुपदेशकाच्या कानावर घाला.

कोणाशी बोललात याची यादी कायद्यात आहे आणि तपासणीत तीच आधी मागतात. शिक्षक, समुपदेशक, मुख्याध्यापक, कॉलेजचे लोक, स्थानिक कामगार मंडळ, धंदेवाले, पालक, विद्यार्थी, विशेष गटांचे प्रतिनिधी, बेघर आणि शाळाबाह्य मुलांसाठी काम करणाऱ्या संस्था. हजेरीपट, तारीख, इतिवृत्त ठेवा. आणि इतिवृत्तात 'चर्चा झाली' असं लिहू नका. कोण काय म्हणालं ते लिहा. 'चर्चा झाली' या दोन शब्दांवर आमची एक तपासणी अर्धा दिवस अडकली होती.

पायरी पाचवी: अर्ज आणि बजेट

लोकल अर्ज चार वर्षांचा असतो, बजेट दर वर्षीचं. अर्जात राज्याने मान्य केलेला निदान एक प्रोग्राम ऑफ स्टडी हवाच. पैसा कशासाठी वापरायचा याची सहा कामं कायद्याने नेमून दिली आहेत: करिअरची ओळख, शिक्षकांचं प्रशिक्षण, चांगल्या पगाराच्या व मागणीच्या कामांची कौशल्यं, गणित-भाषा-विज्ञान यांची सांगड, अभ्यासक्रम उभा करून चालवणं, आणि मूल्यमापन. आता पाचवीपासूनच्या मुलांच्या करिअर-ओळखीवरही खर्च करता येतो, पूर्वी ही मुभा इतक्या खाली नव्हती. डिस्ट्रिक्टचा प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर नको.

माझी पद्धत: एका कागदावर तीन रकाने आखायचे. डावीकडे सीएलएनएतलं पान आणि वाक्य, मधे अभ्यासक्रम, उजवीकडे खर्चाची ओळ. ज्या ओळीचा डावा रकाना रिकामा, ती ओळ खोडायची. शिक्षक रागावतात. खोडायचीच. 'मागच्या वर्षी मिळालं होतं' हे कारण डाव्या रकान्यात बसत नाही.

एक ओळ मात्र लोक मागायचीच विसरतात. विशेष गटांतल्या मुलांच्या खिशाला बसणारी झळ कमी करण्यासाठी या पैशाचा वापर करता येतो: ड्युअल एनरोलमेंटची, म्हणजे हायस्कूलमध्ये असतानाच घेतलेल्या कॉलेजच्या कोर्सची फी, परीक्षेची फी, येण्याजाण्याचा खर्च, मूल सांभाळण्याचा खर्चसुद्धा. कम्युनिटी कॉलेजात रात्रीचा क्लास, आणि रात्री आठनंतर बस नाही, अशी मुलं प्रत्येक गावात असतात.

पायरी सहावी: खर्च करताना

पहिला नियम तारखेचा. राज्याला अर्ज मंजुरीयोग्य स्वरूपात पोचण्याआधी केलेली बांधिलकी चालत नाही, आणि अनुदानाचं वर्ष साधारणपणे १ जुलैला सुरू होतं. बांधिलकी कधी झाली म्हणायची? वस्तू घेतली तर लेखी करार किंवा पर्चेस ऑर्डर निघाली त्या दिवशी. कर्मचाऱ्याचं काम असेल तर काम झालं त्या दिवशी. प्रवास असेल तर प्रवास केला त्या दिवशी, तिकीट काढलं त्या दिवशी नव्हे. एवढ्या चार ओळी खरेदी विभागाच्या भिंतीवर चिकटवल्या असत्या तर ती मिल ताडपत्रीखाली गेली नसती.

दुसरा नियम 'सप्लिमेंट, नॉट सप्लांट'. मराठीत सांगायचं तर भर घाला, पण आधीच्या पैशाच्या जागी हा पैसा बसवू नका. ऑटोच्या शिक्षकाचा पगार गेल्या वर्षी डिस्ट्रिक्ट देत होतं आणि यंदा तो पर्किन्सवर टाकला, की लेखापरीक्षक लगेच विचारणार. जे काम राज्याच्या कायद्याने करणं भागच आहे त्यालाही हा पैसा लावता येत नाही. राज्यालाही अशीच एक अट आहे: सीटीईवरचा स्वतःचा खर्च, एकूण किंवा दर विद्यार्थी, मागच्या वर्षीच्या पातळीवर टिकवायचा. बजेटच्या वर्षी आमदार सीटीईला कात्री लावतात तेव्हा त्यांना हे कोणीतरी सांगावं लागतं.

शाळा वर्षअखेर पैसे उरवते आणि पुढच्या वर्षीही ते आपल्याकडेच राहतील असं धरून चालते, ही आणखी एक चूक. राज्याकडे निधी २७ महिने जिवंत राहतो हे खरं, पण डिस्ट्रिक्टने न वापरलेला पैसा राज्याकडे परत जाऊन फिरून वाटला जातो. एप्रिलमध्ये एकदा शिल्लक बघा. जूनमध्ये बघितलीत तर वरातीमागून घोडं.

वस्तू आली की तिच्यावर चिकटपट्टी: कुठल्या अनुदानातून, कधी, किती किमतीला, खोली कोणती. 'इक्विपमेंट' म्हणजे किती किमतीची वस्तू, ही संघ सरकारची मर्यादा ऑक्टोबर २०२४ मध्ये ५ हजारांवरून १० हजार डॉलर झाली. पण तुमच्या राज्याने किंवा डिस्ट्रिक्टने खालची मर्यादा ठेवली असेल तर तीच पाळायची. निदान दोन वर्षांतून एकदा प्रत्यक्ष मोजदाद. लॅपटॉप, टॉर्क रेंच, वेल्डिंगची हेल्मेट अशा छोट्या वस्तूंची यादी नियम मागो न मागो, ठेवाच. त्या पायांशिवाय चालतात.

पायरी सातवी: आकडे

पैसा मिळाला, खर्च झाला, आता हिशेब निकालांचा. इथे सगळ्यात आधी 'कॉन्सन्ट्रेटर' कोण ते कळलं पाहिजे. हायस्कूलमध्ये एकाच अभ्यासक्रमाचे निदान दोन कोर्स पूर्ण केलेलं मूल. मशीनिंग-१ आणि मशीनिंग-२ केलेला मुलगा मोजला जातो. एक वेल्डिंग आणि एक कुकिंग घेतलेली मुलगी नाही. कॉलेजात १२ क्रेडिट, किंवा त्याहून छोटा अभ्यासक्रम असेल तर तो पूर्ण केलेला. बहुतेक गोंधळ इथेच होतो: शाळेच्या संगणकात कोर्सचा कोड चुकला की चाळीस मुलं कागदावरून नाहीशी होतात. दर वर्षी फेब्रुवारीत शिक्षकाला त्याच्या वर्गाची यादी दाखवा आणि नावं तपासून घ्या.

या कॉन्सन्ट्रेटरांपैकी किती जणांनी हायस्कूल पूर्ण केलं, वाचन-गणित-विज्ञानात कुठे आहेत, अपारंपरिक क्षेत्रात किती, शाळा सोडल्यावर कुठे गेले, हे निर्देशांक. शिवाय दर्जाचा एक तरी निर्देशांक राज्य निवडतं: मान्यताप्राप्त प्रमाणपत्र, कॉलेजची क्रेडिट किंवा प्रत्यक्ष कामाचा अनुभव. लक्ष्याच्या ९० टक्क्यांच्या खाली गेलात की सुधारणेचा आराखडा लिहावा लागतो. पैसा लगेच थांबत नाही, पण पुढची वर्षं कागदपत्रांत जातात. राज्याच्या लक्ष्यांपेक्षा आपली लक्ष्यं वेगळी हवीत असं वाटत असेल तर राज्याशी बोलून ठरवता येतात. पण ते अर्जाच्या वेळीच, घसरगुंडी झाल्यावर नाही.

'कुठे गेले' हा निर्देशांक, सरकारी कोड ३एस१, सगळ्यात त्रासदायक. शाळा सोडल्यानंतरच्या दुसऱ्या तिमाहीत मूल कॉलेजात, प्रशिक्षणात, लष्करात, सेवा कार्यक्रमात किंवा नोकरीत आहे का. जूनमध्ये पास झालेल्यांसाठी ही तिमाही ऑक्टोबर ते डिसेंबर. राज्याच्या वेतन नोंदींतून काही जण सापडतात, पण नदी ओलांडून शेजारच्या राज्यात कामाला लागलेला मुलगा तिथे दिसत नाही, आणि रोखीत काम करणारा तर कुठेच नाही. मग फोन. अनोळखी नंबर ही पिढी उचलत नाही. आम्ही आता मे महिन्यात, टोपी-झगा वाटायच्या दिवशी, प्रत्येकाकडून एक कार्ड भरून घेतो: स्वतःचा नंबर, आईचा किंवा आजीचा नंबर, आणि ज्या शिक्षकाचा फोन उचलशील त्याचं नाव. नोव्हेंबरात फोन तोच शिक्षक करतो. मागच्या वेळी वेल्डिंगच्या सरांनी एका संध्याकाळी एकवीस फोन केले, सतरा जणांनी उचलले. उरलेल्या चौघांपैकी तिघांच्या आज्या घरी होत्या.